बॉनेटवर 'डीआय' लिहिलंय म्हणून डबा घ्यायचा?



आज द्राक्षावर लिहीत नाही, इंजिनावर लिहितो. छाटणीच्या धांदलीत वाचायला कुणाला वेळ नाही हे माहीत आहे. पण याच दिवसांत ट्रॅक्टर आणि पिकअप सर्व्हिसिंगला जातात, आणि याच दिवसांत गॅरेजवाला हळूच एक डबा पुढं करतो. ॲल्युमिनियमचा, काळा नाहीतर लाल, वर दोन नळ्या जोडायला दोन तोंडं, खाली ड्रेनचा कॉक. नाव ऑइल कॅच कॅन. मोबाईलवर त्याच्या रील्स फिरतायत, पोरं एकमेकांना पाठवतायत, आणि निफाड-दिंडोरीकडं ज्यांच्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही ते पण बसवून घेतायत.

विकणाऱ्याचं गणित तीन वाक्यांचं असतं. "दादा, तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शन आहे. डायरेक्ट इंजेक्शनला व्हॉल्व्हवर कार्बन बसतो. हा डबा लावा आणि विसरा." पहिलं वाक्य खरं. दुसरं अर्धं खरं. तिसरं साफ खोटं, आणि पैसे घेतले जातात ते तिसऱ्या वाक्याचे.

माझं डोकं फिरलं ते ट्रॅक्टरवरून. एका भावाला सांगितलं गेलं, "बॉनेटवर बघा, डीआय लिहिलंय. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. मग डबा नको?" आता ही अक्षरं आपण किती वर्षं बघतोय! २६५ डीआय, ४७५ डीआय, ५७५ डीआय. अर्थ बरोबर आहे, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच. पण मग वडलांच्या काळातला डीआय ट्रॅक्टर हजारो तास चालला, त्याच्या इनटेकमध्ये डांबर का नाही साचलं? हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा. तो विषय बदलेल.

उत्तर समजून घ्यायला जरा इंजिनात उतरावं लागतं. घाबरू नका, ड्रिप आणि ब्लोअर सांभाळणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही.

पिस्टनच्या वर स्फोट होतो. रिंगा कितीही नव्या असू द्या, त्या दाबातला थोडा वायू पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरात उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात जळलेला धूर असतो, थोडं न जळालेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते. खाली क्रँक गरगर फिरत असतो, तेल उडत असतं, त्या तेलाचं धुकं त्यात मिसळतं. धुकं म्हणजे अगदी आपल्या ब्लोअरच्या नोझलमधून निघतं तसं बारीक. हे सगळं बाहेर पडायला वाट पाहिजे. नाही दिली तर चेंबरात दाब वाढतो आणि तेल सील फोडून बाहेर येतं.

जुन्या काळी वाट सोपी होती. टॅपेट कव्हरवरून नाहीतर ब्लॉकच्या बाजूनं एक पाईप काढायचा आणि त्याचं तोंड इंजिनाखाली जमिनीकडं मोकळं सोडायचं. जगभर असंच होतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा १९६० च्या दशकात तिथं गाड्यांना हा धूर बाहेर सोडायची बंदी आली. धूर परत इनटेकमध्ये घालायचा, इंजिनानं तो ओढायचा आणि जाळायचा, अशी पद्धत सुरू झाली. आज आपल्याकडच्या कार आणि पिकअप याच पद्धतीनं चालतात.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरचा ब्रीदर मात्र अजून मोकळाच आहे. तुमच्या ट्रॅक्टरचा बघायचा असेल तर गॅरेजला जायची गरज नाही. ब्रीदरचा पाईप बोटानं धरा आणि तो कुठं जातो ते बघत जा. खाली जमिनीकडं तोंड करून संपला, तर तुमच्या इंजिनाचं तेलाचं धुकं इनटेकमध्ये जातच नाही. जे इनटेकमध्ये जातच नाही ते अडवायला डबा कशाला? अशा ट्रॅक्टरला डबा विकणं म्हणजे विहीर नसलेल्याला फूट व्हॉल्व्ह विकणं. पाईप एअर फिल्टरच्या पुढं इनटेकला जोडलेला असला तर गोष्ट वेगळी. पण तो जोडलाय का, एवढं बघायची तसदीसुद्धा विकणारा घेत नाही. बॉनेट वाचतो आणि बिल करतो.

आणि एक. डिझेल इंजिनात, मग ते कुठलंही असो, इनटेकच्या व्हॉल्व्हवरून डिझेल कधीच जात नाही. आतून हवा जाते, डिझेल पुढं सिलिंडरजवळच पडतं. म्हणजे "इंधनानं व्हॉल्व्ह धुतला जात नाही म्हणून कार्बन बसतो" हे रीलमधलं वाक्य पेट्रोलचं आहे, ते उचलून डिझेलला चिकटवलंय.

मग नव्या डिझेल पिकअपचा इनटेक का भरतो? भरतो, हे खरं आहे. मॅनिफोल्ड खोलला तर आत काळा चिकट थर निघतो, बोटानं उकरावा लागतो. त्याचं कारण ईजीआर. सायलेन्सरकडं निघालेला थोडा धूर परत इनटेकमध्ये वळवायचा, म्हणजे सिलिंडरातलं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साईड कमी होतात, असं ते तंत्र आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नियम आणखी कडक झाले, आणि ईजीआर सांभाळणं आणखी महत्त्वाचं झालं. धुराबरोबर काजळी येते. पलीकडून ब्रीदरच्या नळीतून तेलाचं धुकं येतं. दोघांची गाठ मॅनिफोल्डमध्ये पडते.

आपण फवारणीत पावडरबरोबर स्टिकर टाकतो ना? पावडर एकटी असली तर पहिल्या सरीत धुऊन जाते, स्टिकर असला की पानाला धरून बसते. इथं काजळी ही पावडर आणि तेल हा स्टिकर. नुसती काजळी कोरडी राहिली तर बरीचशी पुढं निघून जाते. नुसतं तेल असलं तर ओलसर थर राहतो, तो काही हवा अडवत नाही. दोन्ही एकत्र आली की डांबर.

आता डब्याचं काम नीट दिसेल. चांगला डबा स्टिकरचा काही भाग काढून घेतो. पावडर येतच राहते. डिझेल पिकअपला डब्यानं थर कमी चिकट होईल, सावकाश साचेल, एवढा फायदा मी मान्य करतो. पण "इनटेक कायम नवा राहील" असं जो सांगतो तो एकतर स्वतः मॅनिफोल्ड खोलून बघत नाही, नाहीतर बघून खोटं बोलतो.

बरं, आपल्याच गाड्यांना हा त्रास जास्त का? आपण गाडी कशी वापरतो ते बघा. घर ते मळा दोन-तीन किलोमीटर, मजूर सोडायचे, परत. औषध आणायला पुन्हा गावात. इंजिन पुरतं तापतच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा पहाटे पिकअप काढा, आणि दहा मिनिटांत बंद करा, आतली पाण्याची वाफ आतच गार होते. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधावरच्या सायीसारखं पांढरट काही दिसलं की लोक घाबरतात, हेड गॅस्केट गेलं म्हणतात. कूलंट कमी होत नसेल तर बहुतेक वेळा ते हेच पाणी असतं.

दुसरं, बाजार समितीची रांग. लासलगावला, पिंपळगावला कांदा नेला की लिलावाच्या रांगेत गाडी तास-तास चालू. फूटभर पुढं, थांबा, फूटभर पुढं. अशा चालण्यात काजळी भरपूर आणि तिला बाहेर ढकलायला जोर नाही. बीएस-६ गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळीची जाळी असते. ती साफ व्हायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. तापवण्यासाठी कित्येक इंजिनं थोडं जादा डिझेल सोडतात. त्याच वेळी आपण किल्ली फिरवून गाडी बंद केली की ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालंय, त्याची वाफ जास्त होणार, ब्रीदरमधून जास्त जाणार. तीच गाडी महिन्यातून चार वेळा माल भरून कसारा घाट उतरून वाशीला गेली आणि परत चढून आली, तर तिचा इनटेक वेगळाच दिसतो.

तिसरं, धूळ. एअर फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते. ब्रीदरची नळी तिथंच जोडलेली असते. म्हणजे चोंदलेला फिल्टर चेंबरातलं तेल जास्त ओढून घेतो. वेळेवर बदललेला फिल्टर जे काम करतो त्यासाठी आपण डब्याला पैसे देतो, आणि फिल्टर मात्र कॉम्प्रेसरची हवा मारून मारून तिसऱ्या हंगामाला चालवतो. कागदाला उलट्या बाजूनं जोरात हवा मारली की बारीक भोकं पडतात, मग धूळ थेट आत, रिंगा घासल्या, ब्लो-बाय वाढला. या दुष्टचक्राला डबा काय करणार?

चौथं, ऑइल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याच्यावर रील कुणी बनवत नाही. तेल २५० अंशांवर एक तास ठेवून त्यातलं किती टक्के उडून जातं, हे मोजायची एक चाचणी आहे, तिला नोॲक म्हणतात. एसीईए सी३ दर्जाच्या तेलाला १३ टक्क्यांची मर्यादा आहे. पेट्रोल गाड्यांच्या आयएलएसएसी दर्जाला १५ टक्क्यांची. जे तेल कमी उडतं ते ब्रीदरमध्ये कमी जातं. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं तेल लागतं, कारण काजळी जळते पण तेलातली राख जाळीत कायमची बसते. गाडीच्या पुस्तकात कुठला दर्जा लागतो ते छापलेलं असतं. आपण काय करतो? ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतलंच पिकअपमध्ये ओततो. "ऑइल ते ऑइल" म्हणून. मग दोन वर्षांनी डीपीएफचा दिवा लागला की कंपनीला शिव्या.

आणि ऑइल बदलायचं ते किलोमीटर बघून. ट्रॅक्टरला आपण तास मोजतो, बऱ्याच ट्रॅक्टरला २५० तासांनी ऑइल बदलायचं असतं हे सगळ्यांना पाठ आहे. पिकअप लिलावाच्या रांगेत चार तास उभ्यानं चालली तर मीटरवर अर्धा किलोमीटर पडतो. तास कुठं गेले? पुस्तकात मागच्या पानांवर 'कठीण वापर' म्हणून वेगळा, लवकरचा हिशेब दिलेला असतो. धूळ, छोट्या फेऱ्या, उभ्यानं चालवणं. वाचून बघा, तो आपलंच वर्णन आहे.

आता पेट्रोलकडं येऊ. इथं मी डब्याच्या बाजूनं बोलणार आहे, म्हणजे कुणी म्हणायला नको की याला डब्याची ॲलर्जी आहे.

साध्या एमपीएफआय पेट्रोल गाडीत पेट्रोल इनटेकच्या पोर्टमध्ये, व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं. ते व्हॉल्व्ह धुतं. वॅगन आरसारख्या गाड्या याच जातीच्या. त्यांना डबा नको, विषय संपला. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरात पडतं, व्हॉल्व्हची पाठ कोरडीच. तिच्यावर ब्रीदरचं तेल येतं, गरम व्हॉल्व्हवर भाजतं, थर धरतो. हा रोग खरा आहे. आपल्याकडं अशी इंजिनं गेल्या पाच-सात वर्षांतच गावात आली. २०१९ च्या व्हेन्यूचं एक लिटर टर्बो, २०२० नंतरची स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय, २०२० ची पेट्रोल थार. आपल्याच नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या थारचं पेट्रोल इंजिन या जातीचं आहे. एक्सयूव्ही ३एक्सओ तर मजेशीर, एकाच गाडीत १.२ लिटरची दोन टर्बो पेट्रोल इंजिनं मिळतात, एक एमपीएफआय आणि एक टीजीडीआय. बाहेरून गाडी तीच. डबा विकणारा विचारतो का तुमचं कुठलं म्हणून?

या तंत्राचं कौतुक जुनं आहे. मर्सिडीजनं १९५४ मध्ये ३०० एसएलला थेट इंजेक्शन दिलं, मित्सुबिशीनं १९९६ मध्ये जपानात जीडीआय गाडी बाजारात आणली. कार्बनचा त्रास मोठ्या कंपन्यांना चांगला माहीत आहे. टोयोटानं २००५ च्या सुमारास लेक्ससच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, एक सिलिंडरात आणि एक पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह धुतला पण जातो. फोर्डनं २०१७ च्या साडेतीन लिटर इकोबूस्टला तेच केलं. खरा इलाज हा आहे. पण त्याला खर्च येतो, जास्तीचे इंजेक्टर, जास्तीच्या नळ्या. मग बाकी कंपन्या स्वस्तात भागवतात, आणि राहिलेलं ओझं गिऱ्हाईकाच्या बोनेटखाली डब्याच्या रूपानं येतं. शोरूममध्ये 'टर्बो', 'डायरेक्ट इंजेक्शन' मोठ्या अक्षरात लिहायचं आणि व्हॉल्व्ह साफ करायचा खर्च कुठंच लिहायचा नाही, याला काय म्हणायचं? सर्व्हिसच्या तक्त्यात अमुक किलोमीटरला दुर्बिणीनं व्हॉल्व्ह बघून देऊ, एवढी एक ओळ टाकायला काय जातं? विचारलं तर काउंटरवरचा पोरगा "नॉर्मल आहे सर" म्हणतो. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

जाता जाता, याच गाड्यांसाठी पेट्रोलच्या टाकीत ओतायची 'व्हॉल्व्ह क्लीनर' बाटली मिळते. पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही, मग बाटली तिथं कशी पोचणार? ती इंजेक्टर साफ करेल, व्हॉल्व्ह नाही. साचलेला थर काढायचा तर मॅनिफोल्ड खोलून काढावा लागतो. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबानं मारून साफ करायची पद्धत आहे, धातूला ओरखडा येत नाही.

तर थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला चांगला डबा नीट बसवला तर उपयोग आहे. पण 'नीट' शब्दात सगळी मेख आहे. या इंजिनांना ब्रीदरच्या वाटा दोन असतात. गाडी सावकाश चालते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, धूर पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तिकडं जातो. टर्बोनं दाब भरला की ती वाट बंद होते आणि धूर टर्बोच्या आधीच्या नळीत जातो. दोन तोंडांचा एक डबा यातल्या एकाच वाटेवर बसतो. दुसरी मोकळीच. गॅरेजवाल्याला विचारा, "कुठली वाट धरली?" तोंडाकडं बघत राहील.

डबा आतून बघितल्याशिवाय घेऊ नका. झाकण खोलायला लावा. पुष्कळ डबे आतून रिकामे असतात, एका तोंडानं धूर आत, दुसऱ्या तोंडानं तसाच बाहेर. आत आडवा पत्रा पाहिजे, बारीक जाळी पाहिजे, म्हणजे धुकं आपटून थेंब होईल आणि खाली बसेल. आपला हायड्रोसायक्लोन वाळू कशी खाली पाडतो? पाणी फिरवतो म्हणून. नुसता डबा ठेवला असता तर वाळू ड्रिपरला गेली असती.

"असू द्या हो, उपयोग नाही झाला तर नुकसान तरी काय?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि खरं भांडण माझं याच वाक्याशी आहे. नुकसान आहे.

ड्रिपचा स्क्रीन फिल्टर महिनाभर धुतला नाही तर काय होतं? पुढं दाब पडतो, मागं चढतो. डब्याची जाळी चोंदली की तेच होतं, फक्त मागं मोटर नसते, चेंबर असतो. चेंबरात दाब चढला की क्रँकचं सील गळायला लागतं, डिपस्टिक वर उचलली जाते. टर्बोचं तेल स्वतःच्या वजनानं खाली चेंबरात उतरत असतं. चेंबरात दाब असेल तर ते उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं. मग टर्बो गेला म्हणून नवा टर्बो. कुणाला डब्याचा संशय पण येत नाही.

डबा भरला आणि कुणी रिकामा केला नाही, तर एखाद्या घाटात, जोर लावल्यावर, साचलेलं तेल एकदम इनटेकमध्ये ओढलं जातं. पेट्रोल गाडी धूर सोडेल, मिसिंग करेल. डिझेलचं तसं नाही. डिझेल इंजिन तेलावर पण चालतं. स्वतःचंच तेल पिऊन इंजिन सुसाट सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. असं पळालेलं इंजिन ज्यानं ऐकलंय तो "नुकसान काय" म्हणणार नाही.

नळ्यांचं तर विचारू नका. फवारणीची नळी, पाण्याची नळी, हाताला लागेल ती लावतात. तेलाच्या गरम वाफेनं साधं रबर फुगतं, मऊ पडतं, आत चिकटून वाट बंद करतं. तेलाला टिकणारीच नळी पाहिजे, आणि ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब पाहिजे. गरम लोखंडावर तेल ठिबकलं की पेट घ्यायला वेळ लागत नाही.

काही ठिकाणी तर दुसरी नळी इनटेकला जोडतच नाहीत, डब्यावर छोटा फिल्टर लावून धूर बाहेर सोडतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची पद्धत नव्या गाडीला. केबिनमध्ये वास येतो, काही गाड्यांचं हवेचं मोजमाप चुकून दिवा लागतो. कंपनीच्या रचनेत फरक पडेल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात, आणि वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. हप्ते अजून चालू असलेल्या गाडीवर हा जुगार कशाला? "ईजीआरच बंद करून देतो" म्हणणाऱ्याकडं तर गाडी परत नेऊ नका.

आणि रिंगा झिजलेल्या गाडीला डबा लावणं हा सगळ्यात महागडा प्रकार. डबा आठवड्यात भरतो, मालक खूश, "बघा किती घाण पकडली!" अरे, ती घाण नाही, ते तुझं इंजिन आहे. गाडी चालू असताना ब्रीदरमधून धुराचे झोत येत असतील, ऑइल कमी होत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घे. भुरी आली का डाऊनी आली हे न बघता जो औषध मारतो त्याला आपण शहाणा म्हणत नाही. गाडीला मात्र तसंच करतो.

म्हणून विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे. आधी ब्रीदरचा पाईप दाखवा, मग इंजिन कुठल्या जातीचं ते सांगा, मग डबा उघडून दाखवा, आणि बिलावर लिहून द्या की हा किती दिवसांनी रिकामा करायचा. यातलं एक जरी टाळत असाल तर तुम्ही 'लावा आणि विसरा' विकताय. आणि घेणाऱ्यांनो, तेवढ्याच पैशात योग्य दर्जाचं ऑइल आणि खरा एअर फिल्टर येतो. आधी ते करा. गटानं द्राक्षाची औषधं एकत्र आणतो तसं ऑइल पण आणता येतं, भाव पण पडतो आणि बनावट डब्याची भीती पण कमी.

ज्यांच्या टर्बो पेट्रोल गाडीला डबा खरंच शोभतो, त्यांच्यासाठी एवढंच. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला उघडून बघा, किती साचतं त्याचा अंदाज येईल, मग तुमचा वार ठरवा. हिवाळ्यात जास्त वेळा बघा, तेव्हा तेलापेक्षा दुधाळ पाणीच जास्त निघतं. कॉक गार इंजिनावर खोला. निघालेलं बांधावर ओतू नका, बांबूच्या बुडख्यांना वाळवीसाठी म्हणून लावू नका, त्यात पेट्रोल असतं आणि शेवटी ते आपल्याच मातीत, विहिरीत उतरतं. गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये टाका. जाळी पेट्रोलमध्ये नाही, डिझेलमध्ये हलवून धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि नळ्यांच्या क्लिपा आवळल्यावर एकदा हातानं ओढून बघा. सुटली तर धूळ फिल्टर चुकवून थेट आत जाणार.